दोन जागांची गाडी

आष्ट्याच्या नानासोचं दुःख ऐकून कुणीही हसलं असतं, म्हणून त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही. घरच्या जीपमध्ये त्याची जागा मागं होती.

तसं घरात कमी काही नव्हतं. कृष्णाकाठची काळी जमीन होती, नजर पोचेपर्यंत ऊस होता, दारात ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरच्या शेजारी जीप होती. घरचे कर्ते थोरले भाऊ आप्पासो. त्यांना सगळा गाव अहो-जाहो करायचा. नानासोला चाळिशी उलटली तरी कुणी तसं करत नव्हतं, तेव्हा आपण तरी उगाच कशाला करा. जीप निघाली की लष्करातून पेन्शनीत आलेला ज्ञानू चाकावर बसायचा, त्याच्या शेजारी आप्पासो, आणि मागच्या आडव्या बाकांवर बायका, पोरं, गाठोडी, पेंडीची पोती आणि नानासो. स्वतःच्या लग्नाला रहिमतपूरला गेला तेव्हासुद्धा तो मुंडावळ्या बांधून मागंच बसला होता, कारण पुढं आप्पासो होते.

वर्षानुवर्षं मागं बसणाऱ्या माणसाला एक सवय लागते. पुढून कुणी नुसतं खोकलं तरी तो सरकून बसतो. नानासोला ही सवय इतकी लागली होती की जेवायला बसल्यावर आप्पासो खोकले तर तो ताटासकट सरकायचा.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी झाली आणि आप्पासोंनी बांधाच्या एका कज्ज्याचे कागद देऊन त्याला सांगलीला गंगाधरपंत वकिलांकडं पाठवलं. गावभागात पंतांचं घर. पंत पूजेत होते म्हणून नानासो अंगणात ताटकळत उभा राहिला, आणि तिथं पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली त्याला एक चाक दिसलं. दुसऱ्याच्या अंगणातली ताडपत्री उचलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तरी त्यानं ती उचलली.

खाली एक मोटार होती. ताकाच्या रंगाची, कमरेएवढी बुटकी, अंगाला कुठं कोपरा म्हणून नाही. दार दोनच. आत जागाही दोनच, आणि त्यांच्या मागं एखादी पिशवी मावेल एवढी फळी. चालवायचं चाक मात्र डाव्या अंगाला.

"जर्मनीची आहे," मागून पंत म्हणाले. ते सोवळं सोडून उपरणं सावरत आले होते. "पंधरा-सोळा वर्षांची झाली. शर्यतीच्या जातीची म्हणायची. माझा धाकटा भाऊ मधु तिकडं शिकायला गेला, येताना ही घेऊन आला. दोन वर्षं राहिला, घरात पटेना, परत गेला तो गेलाच. गाडी राहिली माझ्या गळ्यात. दर रविवारी हरिपूरपर्यंत नेऊन आणायचो, पण पेट्रोल असं भडकलंय की आता तेही बंद."

नानासोनं अदबीनं पुढचं झाकण उचलून बघितलं. आत एक जादा चाक, पेट्रोलची टाकी आणि घडी घातलेलं फडकं.

"आवं पंत," तो हळहळून म्हणाला, "इंजान काढून इकलं व्हय?"

पंत इतके हसले की उपरणं खांद्यावरून घसरलं. त्यांनी त्याला मागं नेलं आणि मागचं झाकण उचललं. तिथं इंजिन होतं, पाठीशी बांधलेल्या लेकरासारखं.

"हिचं सगळं बळ मागं आहे, नानासाहेब. पुढं नुसता डौल."

नानासाहेब! नानासो त्या शब्दानं आधीच अर्धा विकत घेतला गेला होता. पण खरं म्हणजे त्याला ती मागची गोष्टच लागली. मागं बसूनही कुणी सगळी गाडी पुढं नेऊ शकतं, आणि तेही जर्मनीसारख्या देशात, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पंतांनी त्याला हरिपूरच्या रस्त्याला नेलं आणि चाक त्याच्या हातात दिलं. नानासोचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. पहिल्या वळणाला गाडीचं बूड एकदम बाजूला सरकलं आणि पंतांनी देवाचं नाव घेतलं.

"थांबा, थांबा. एकच गोष्ट सांगतो, ती जन्मभर विसरू नका. वजन मागं आहे. वेग काय कमी करायचा तो वळणाच्या आधी करा. एकदा आत शिरलात की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. घाबरून पाय उचललात की मागचं पुढं येतं आणि गाडी उलट्या तोंडानं उभी राहते. मन घट्ट करायचं आणि पाय तिथंच ठेवायचा."

नानासोनं पाय तिथंच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी माघार घेऊ नकोस असं सांगत होतं, आणि ते ऐकलं की गाडी खरंच सरळ जात होती. हरिपूरहून परत येईपर्यंत कज्ज्याचे कागद फळीवरच राहिले. त्याच्या वाटणीच्या हळदीचे दोन सालचे पैसे त्या गाडीत गेले. घरात कुणाला न विचारता केलेली ही त्याची पहिलीच गोष्ट होती.

घरी दारात गाडी उभी राहिली तेव्हा ज्ञानू सवयीनं पाण्याची घागर घेऊन आला.

"पानी कुठं घालू?"

"हिला पानी लागत न्हाई."

"पानी लागत न्हाई अशी गाडी मिल्ट्रीत बी न्हवती," ज्ञानू म्हणाला आणि घागर खाली न ठेवता तसाच उभा राहिला.

विजयमालानं, म्हणजे नानासोच्या बायकोनं, ओवाळायला ताट आणलं. कुंकू पुढं लावावं की मागं, म्हणून ती क्षणभर थबकली, आणि दोन्हीकडं लावून मोकळी झाली. मग आप्पासो बाहेर आले. त्यांनी हात मागं बांधून गाडीला एक फेरी घातली.

"बसाय जागा किती?"

"दोन, आप्पा."

"घरात मानसं किती?"

"सतरा."

आप्पासोंनी धोतराचा सोगा उचलला. ते आत गेले.

आता खरं सांगायचं तर नानासोनं ती गाडी मिरवायला घेतलीच नव्हती. त्याच्या मनात एकच चित्र होतं. आपण चाकावर आहोत, शेजारी आप्पा बसलेत, आणि आप्पा म्हणतायत, "चल, नाना." बस्स, एवढंच. वीस वर्षं ज्या माणसाच्या पाठीकडं बघत प्रवास केला, त्याला एकदा शेजारी बसवून न्यायचं. पण ते विचारायला गेलं की आप्पासो म्हणायचे, "एवढं खाली? माझं धोतार रस्त्याला घासंल." दर आठवड्याला तो विचारायचा आणि दर आठवड्याला धोतर आडवं यायचं.

म्हणून शेजारची जागा रिकामी राहिली. आप्पासो बसेनात, आणि आप्पासो बसले नाहीत तिथं बसायची भावकीत कुणाची छाती नव्हती. विजयमालाचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्यात बाईमाणूस नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून पुढं बसत नसे. बायकांची जागा मागं, पडद्याआड. आणि ह्या गाडीत मागं बसायचं म्हटलं तर थेट इंजिनावरच. नानासो एकटाच इस्लामपूरला जायचा, एकटाच यायचा. त्या जागेवर कधी खताचं पोतं बसलं, कधी पंपाचा नळ बसला, एकदा तर पशुवैद्याकडं न्यायचं शेरडू बसून गेलं. गाडी मात्र त्याला चांगली वश झाली. वळणात त्यानं एकदाही पाय उचलला नाही.

वैशाखात विजयमालाच्या भावानं, कृष्णातनं, रहिमतपूरला नवं स्लॅबचं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आवतन आलं. सगळ्या घरानं जीपनं जायचं ठरलं. आदल्या सकाळी चहाची कपबशी नानासोपुढं ठेवून विजयमाला तिथंच उभी राहिली.

"मी तुमच्या गाडीतनं आले तर?"

नानासोचा चहा बशीतच राहिला. "आप्पा काय म्हंतील?"

"मी आप्पास्नी न्हाई इचारलं, तुमास्नी इचारलं."

अठरा वर्षांत तिनं कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळं नाही कसं म्हणायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं जे त्याला येत होतं ते केलं. तो आप्पासोंकडं गेला.

सोप्यात आप्पासो पान जुळवत होते. त्यांनी ऐकलं, सुपारी कातरली, आणि म्हणाले, "आपल्यात बाईमाणूस फुडं बसत न्हाई. लोकं काय म्हंतील, नाना?" नानासो "बरं" म्हणणारच होता. तेवढ्यात कोपऱ्यातनं त्यांची आई साळूबाई काठी टेकत उठली. वय ऐंशीच्या घरात, कान मात्र तरुण.

"कुठली ती गाडी, दाव मला."

तिला अंगणात आणली. तिनं गाडीवर काठी वाजवून बघितली.

"हिचं बैल कुठं हायती?"

"बैल कशाला, आई? इंजान हाय. मागं."

"मागं?" तिनं झाकण उचलायला लावलं, वाकून खात्री केली. मग सरळ होत म्हणाली, "म्हंजी आप्पा, बैल जिकडं, तिकडं फुडं. ही गाडी उलटी जातीया, एवढंच. सून हितं बसली म्हंजी मागंच बसली की! कोन काय म्हनतंय?"

 शेतीच्या, सोसायटीच्या, कोर्टाच्या असल्या-नसल्या प्रत्येक मुद्द्यावर आप्पासोंचा शब्द शेवटचा असायचा, बैलाच्या मुद्द्यावर म्हातारीचा ठरला. म्हातारीला हे खरंच तसं वाटत होतं की ती लेकाची फिरकी घेत होती, ते कुणाला कळलं नाही. आत जाताना ती सुनेला एवढंच म्हणाली, "साठ वर्सं गाडीच्या मागं बसले ग बाई. गेलेलीच वाट बघितली. येनारी कवा बघितली न्हाई."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला जीप पुढं गेली आणि तिच्या धुरळ्याला बसू देऊन नानासोची गाडी निघाली. विजयमाला हिरवं लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन, हात मांडीवर ठेवून बसली होती. चाक डाव्या अंगाला, त्यामुळं ती बसली होती ती नेमकी जिथं इतर गाड्यांचा ड्रायव्हर बसतो तिथं. इस्लामपूरच्या चौकात सायकलवरचा एक माणूस तिच्याकडं बघून थेट पानपट्टीत घुसला. हात मांडीवर ठेवून गाडी चालवणारी बाई त्यानं कधी बघितली नसावी. पेठ नाक्यावर हायवे लागला तशी ती एकदम हसायला लागली, आणि हसताना पदर मागं पडला तो तिनं सावरलाच नाही.

"आवं, रस्ता असा येतो व्हय!" ती म्हणाली. "म्या आजवर जातानाच बघितला. मागनं बघितलं की झाडं निघून जात्यात नुसती. हितनं ती भेटाय आल्यावानी वाटत्यात."

 नानासोनं तिला कऱ्हाडचा पूल दाखवला, मसूरच्या अलीकडं ओढ्यापाशी रस्ता कसा एकदम वळतो ते दाखवलं, आणि आपण पाय कसा उचलत नाही तेही दाखवलं. तिनं घाबरून दार धरलं नाही. उलट, "आनी एकदा हाय का असलं?" म्हणून विचारलं. अठरा वर्षांच्या संसारात आपली बायको धीट आहे हे त्याला त्या ओढ्यापाशी कळलं. त्याला तिचा फार अभिमान वाटला, आणि आपण इतकी वर्षं हिला गाठोड्यांत बसवून आणलं ह्याची शरमही वाटली.

रहिमतपूरच्या वेशीजवळ तिनं पदर घेतला.

"परत जाताना बी हितंच न्हवं?"

"मग? ही जागा तुझीच हाय आता," नानासो म्हणाला. तो ते मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

कृष्णातच्या दारात मांडव होता. होम झाला, पंगती झाल्या, आणि हात धुवून झाल्यावर पुरुषमाणसं आपोआप त्या गाडीभोवती जमली. झाकणं उघडली गेली, मिटली गेली, पुन्हा उघडली गेली. साताऱ्याचे कुणी कंत्राटदार आले होते, त्यांनी मुंबईला म्हणे अशी एक बघितली होती. ते सरळ आप्पासोंकडं गेले. "आप्पासाहेब, चीज आहे तुमची गाडी. अशी माणसं राहिली नाहीत हो आता, हौशी." दुसऱ्यानं विचारलं, "आप्पासाहेब, ताशी किती पळते?" तिसऱ्यानं हात जोडले.

नानासो तिथंच पुढच्या झाकणाला टेकून उभा होता. गाडी आपली आहे हे सांगायला त्याला जागाच मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला वाईटही वाटलं नाही. तो आप्पासोंच्या तोंडाकडं बघत होता. त्या तोंडावर हळूहळू काहीतरी बदलत होतं. आप्पासोंनी गाडीच्या टपावर हात ठेवला. आपल्या बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा ठेवला.

निघायची वेळ झाली. विजयमालाची ओटी भरली, खण-नारळ आणि पसाभर तांदूळ. सगळ्यांच्या पाया पडून ती गाडीत जाऊन बसली. बायका तिच्याभोवती उभ्या राहून तिला कुठं काय आहे ते विचारत होत्या आणि ती त्यांना हे दार, ही काच, असं दाखवत होती. तेवढ्यात कंत्राटदारांना निरोप देत आप्पासो आले, आणि चार लोकांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाना, आज मी तुझ्या गाडीत बसतो. चल."

चल, म्हणाले! शब्दसुद्धा तोच.

 सहा महिने ज्याची वाट बघितली, नव्हे वीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते दारात येऊन उभं राहिलं होतं आणि जागा एकच होती. तो गाडीकडं वळला. विजयमाला त्याच्याकडंच बघत होती. तिनं ऐकलं होतं.  तिनं फक्त बघितलं, तो काय म्हणतोय ते.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी सरळ बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. त्यामुळं आप्पासो आभाळाकडं बघत उभे राहिले, आणि खोकले.

"अगं," नानासो म्हणाला, "आप्पा बसतो म्हंत्यात. तू... जीपमधी मागं बनुवैनींच्या शेजारी जागा आसंल बघ."

असं तो म्हणाला. एवढा वेळ आपण त्याच्या बाजूनं बोलत होतो, पण इथं त्याच्या बाजूनं बोलायला काही नाही. विजयमालानं ओटीचा पदर एका हातानं धरला, दुसऱ्या हातानं दार उघडलं आणि ती उतरली. उतरताना थोडे तांदूळ सांडले. ते गोळा करायला ती थांबली नाही. मघाशी काचेचं विचारणाऱ्या बायका दुसरीकडं बघायला लागल्या.

आप्पासो आधी पाय, मग धोतर, मग बाकीचे, असे तीन हप्त्यांत आत बसले. गाडी निघाली. मागं जीप सुरू झाल्याचा आवाज नानासोनं ऐकला, पण वळून बघितलं नाही.

आणि वाईट गोष्ट अशी की त्याला आनंद झाला. फार झाला. आप्पासो बोलत होते! ऊस कसा आलाय, कंत्राटदार काय म्हणाला, सोसायटीत कुणाला पाडायचं, हे सगळं ते त्याच्याशी, नानासोशी, शेजारी बसून बोलत होते. एकदा तर म्हणाले, "गाडी बरी घेतलीस रं." नानासोला वाटलं आष्टा आणखी शंभर मैल लांब असायला हवं होतं.

मसूरच्या पुढं ओढा आला. नानासोनं पंतांनी शिकवल्याप्रमाणं वेग आधी कमी केला आणि वळणात शिरला. रस्ता बाहेरच्या अंगाला ओतला गेल्यासारखा वाटतो तिथं, आणि बुटक्या गाडीत बसलेल्याला ओढा थेट मांडीवर आल्यागत दिसतो.

"नाना, सावकास!" आप्पासो ओरडले. "पाय उचल! उचल म्हंतुय न्हवं पाय!"

सहा महिने त्या पायानं कुणाचं ऐकलं नव्हतं. नानासोच्या डोक्याला ठाऊक होतं, हाताला ठाऊक होतं. पण पायानं आप्पासोंचा आवाज ओळखला आणि तो उचलला गेला.

मागचं पुढं आलं. झाडं, ओढा, आभाळ, पुन्हा झाडं असं सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं, धुरळा उठला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला उलट्या तोंडानं उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आप्पासोंचं पागोटं मात्र मागच्या फळीवर जाऊन बसलं होतं.

धुरळा खाली बसला तेव्हा समोरून जीप आली. म्हणजे ती मागून येत होती, पण आता ती समोर होती. ज्ञानूनं करकचून ब्रेक मारला आणि दोन्ही गाड्या नाकासमोर नाक करून थांबल्या. चाकावर ज्ञानू होता, रडवेल्या तोंडाचा. त्याच्या शेजारी, आप्पासोंच्या जागेवर, डोईवर पदर घेऊन, मांडीवर ओटी घेऊन विजयमाला बसली होती.

"म्या काय करू, मालक," ज्ञानू खाली उतरून आप्पासोंना म्हणाला, "वैनीसाब सरळ हितं येऊन बसल्या. जागा मोकळी हाय म्हनाल्या."

आप्पासोंना ते ऐकू गेलं नसावं.  "तुला गाडी चालवाय येत न्हाई," ते नानासोला म्हणाले. नानासोच्या जिभेवर आलं होतं की तुम्ही उचल म्हणालात म्हणून उचलला. ते त्यानं गिळलं. गिळायची सवय होतीच.

आप्पासो पागोटं हातात घेऊन जीपकडं गेले आणि आपल्या जागेपाशी उभे राहिले. तिथं विजयमाला होती. भावजयीला ऊठ म्हणायची रीत नव्हती. ते खोकले.

विजयमाला समोर रस्त्याकडं बघत होती.

ते पुन्हा खोकले, चांगले मोठ्यानं. जीपच्या मागं बसलेली पोरंसुद्धा त्या खोकल्यानं सरकून बसली. विजयमाला हलली नाही. शेवटी मागचा पडदा सरकला आणि त्यांची बायको बनुबाई डोकावली. "आवं, या की हितं, मी सरकते," ती म्हणाली, आणि आप्पासो गाठोड्यांतून वाट काढत मागं जाऊन बसले.

नानासो जीपपाशी आला. त्याला एकाच वेळी पाया पडावंसं आणि पळून जावंसं वाटत होतं.

"चल की," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जागा मोकळी झाली."

विजयमालानं त्याच्याकडं बघितलं. ती रागावलेली नव्हती, असती तर बरं झालं असतं.

"आसू द्या. मला हितनं रस्ता दिसतोय," ती म्हणाली. "तुमी व्हा फुडं."

नानासोनं गाडी वळवली आणि तो पुढं झाला. कऱ्हाडला पुढं, पेठ नाक्याला पुढं, इस्लामपूरलाही पुढं. जीप सगळा रस्ता त्याच्या मागं होती. आयुष्यभर जे पाहिजे होतं ते असं आरशात दिसत होतं, आणि त्यानं आरशात बघायचं सोडून दिलं.

आष्ट्यात तो सगळ्यांच्या आधी पोचला. दिवस अजून मावळला नव्हता. साळूबाई ओट्यावर बसून होती.

"सून कुठं हाय?"

"जीपमधी. येतीया मागनं."

"मागं बसली व्हय?"

"न्हाई. फुडं. ज्ञानूच्या शेजारी."

"आन् आप्पा?"

"मागं."

 साळूबाई काठी टेकत गाडीपाशी आली आणि वाकून आत बघायला लागली.

"मग ह्या जागंवर कोन बसलं व्हतं?"

नानासोनं जागेकडं बघितलं. गादीच्या शिवणीत ओटीतले चार-सहा तांदूळ अडकले होते.

"कोन न्हाई," तो म्हणाला, आणि ते एकेक करून वेचायला लागला.